२८ मिनिटें आणि १२९ मिनिटें

कल्पनाविस्तार हा लेखनप्रकार आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, आणि त्यांच्या पालकांच्या तर तो चांगलाच स्मरणांत असेल. एक लहानशी ओळ द्यावयाची व तिचा विस्तार करावयास सांगावयाचें. वह्या तपासणाऱ्या कोणाहि शिक्षकास विचारलें तर तो हेंच सांगेल कीं, बहुतेक वह्यांत विस्तार पुष्कळ असतो, कल्पना मात्र ओळ देणाऱ्याचीच राहते. मूळ ओळींत जें एकदां नेमकें सांगून झालें, तेंच पुढें चार परिच्छेदांत पातळ होत जातें. वाटीभर ताकांत घागरभर पाणी घातल्यावर दुसरें काय व्हावयाचें? परंतु या खटाटोपाच्या मुळाशीं जी समजूत आहे ती केवळ मुलांचीच नव्हे. लहान तें अपुरें आणि मोठें तें पूर्ण, असें आपण सर्वचजण गृहीत धरून चालतों. गोष्ट ही कादंबरीची धाकटी बहीण, आणि लघुपट ही मोठ्या चित्रपटाची वानगी, असेंच सर्वत्र बोललें जातें.

वानगीदाखल काढलेले लघुपट नसतात असें नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारा एक छोटा चित्रपट तयार केला, तो भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हां त्या रोपाचें काम संपलें. पण ज्या लघुपटाविषयीं आम्हांस आज लिहावयाचें आहे, त्याचें काम त्याच्यावरून मोठा चित्रपट निघाल्यानें संपलेलें नाहीं. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९६२ सालचा 'ला जते' हा तो लघुपट; लांबी २८ मिनिटें. त्यापासून स्फूर्ति घेऊन टेरी गिलियम यांनीं १९९५ सालीं जो इंग्रजी चित्रपट काढला तो 'ट्वेल्व्ह मंकीज', अर्थात् 'बारा माकडें'. लांबी १२९ मिनिटें. पहिल्याच्या साडेचार पटींहून अधिक लांब असा हा दुसरा चित्रपट पहिल्याचा कल्पनाविस्तार आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. दोहोंचाहि शेवट येथें सांगणें भाग आहे. तो अगोदर कळूं नये असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आधीं चित्रपट पाहून मग हीं पानें वाचावीं.

'जते' म्हणजे धक्का. मुंबईच्या मुलांस भाऊचा धक्का ठाऊक आहे. पण हा धक्का बंदराचा नव्हे. पॅरिसजवळ ओर्ली येथील विमानतळावर विमानें पाहण्याकरितां लोक जेथें उभे राहत, त्या लांबलचक उघड्या गच्चीस तें नांव होतें. रविवारीं आईबाप मुलांना विमानें दाखवावयास तेथें घेऊन येत. असाच एक लहान मुलगा तेथें आला असतां त्याला धक्क्याच्या टोकाशीं एका तरुण स्त्रीचा चेहरा दिसतो. लागलीच कांहीं गडबड होते, कोणीतरी कोसळतें, लोक ओरडतात. आपण एका माणसाचा मृत्यु पाहिला हें त्या मुलास पुष्कळ काळानें उमगतें. तो चेहरा मात्र त्याच्या मनांतून कधींच जात नाहीं.

पुढें तिसरें महायुद्ध होतें व पॅरिस बेचिराख होतें. जमिनीवरील हवा विषारी झाल्यामुळें उरलेसुरले लोक शायो या भागाच्या खालच्या भुयारांत राहतात. तेथें जिंकलेल्यांचें राज्य आहे, आणि हरलेले त्यांचे कैदी आहेत. अन्न, औषधें व शक्ति मिळविण्यास अवकाशांतून मार्ग उरलेला नाहीं. तेव्हां काळांतून मार्ग काढावा, म्हणून त्या कैद्यांवर प्रयोग चालतात. कोणी मरतो, कोणाला वेड लागतें. शेवटीं आमच्या त्या मुलाची, जो आतां मोठा झाला आहे, निवड होते. तो शूर आहे किंवा विद्वान् आहे म्हणून नव्हे. भूतकाळांतील एक चित्र त्यानें मनांत घट्ट धरून ठेविलें आहे, एवढीच त्याची लायकी. ज्याच्यापाशीं धरावयास कांहीं आहे तोच मागें जाऊन शुद्धीवर राहूं शकेल, असा त्या प्रयोग करणारांचा हिशेब आहे. तिसाव्या दिवशीं त्याची व त्या स्त्रीची भेट होते. पुढें ती दोघें वरचेवर भेटतात, बागेंत हिंडतात. तो कोठून येतो व अचानक कोठें नाहींसा होतो हें ती विचारीत नाहीं, त्याला आपलें भूत म्हणते आणि हसते.

आतां या चित्रपटाची मुख्य गोष्ट सांगितली पाहिजे. यांतील चित्रें हलत नाहींत. संबंध चित्रपट काळ्यापांढऱ्या स्थिर छायाचित्रांचा आहे. एक छायाचित्र येतें, कांहीं क्षण थांबतें, विरतें, दुसरें येतें. मागें जाँ नेग्रोनी या निवेदकाचा संथ आवाज आहे, कोठें संगीत आहे, कोठें रशियन चर्चमधील गायकवृंदाचें गायन आहे, आणि भुयारांत प्रयोग करणारांची जर्मन भाषेंतील कुजबुज आहे. पात्रें आपसांत एक वाक्यहि मोठ्यानें बोलत नाहींत. हें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग हा चित्रपट कसला, ही तर चित्रांची वही! आमच्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांनीं या आक्षेपाला हसून उत्तर दिलें असतें. एकामागून एक चित्र समोर धरावें आणि गाऊन कथा सांगावी, हीच त्यांची कला. पण शास्त्रदृष्टीनेंहि आक्षेप टिकत नाहीं. प्रत्येकच बोलपट स्थिर छायाचित्रांचा असतो. सेकंदास चोवीस या वेगानें तीं डोळ्यांपुढून जातात, म्हणून तीं हललीं असें आपणांस वाटतें. मार्करनें एवढेंच केलें कीं, हा भास करावयाचें नाकारलें.

नाकारलें तें लहर म्हणून नव्हे. आठवण कशी असते याचा प्रत्येकानें विचार करावा. लहानपणचा एखादा प्रसंग आठवूं लागलें असतां तो सलग, आरंभापासून अखेरपर्यंत, चालत्या चित्राप्रमाणें क्वचितच येतो. एक चेहरा येतो, उंबऱ्यावर पडलेलें ऊन येतें, कोणाचा तरी उचललेला हात येतो. मधलें सर्व गळून गेलेलें असतें. ज्या माणसाची सगळी पुंजी म्हणजे एक जुना चेहरा, त्याची कथा थांबलेल्या चित्रांतच सांगावयास पाहिजे होती. आशय आणि रूप हे एकमेकांपासून सोडवितां येऊं नयेत, असें साहित्याच्या तासास आम्ही सांगत असतों. त्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस चित्रपटांत आढळलेलें नाहीं.

आणि मग तो क्षण येतो, ज्याकरितां हा लघुपट पाहावा. ती स्त्री सकाळीं अंथरुणावर निजलेली आहे. तिच्या झोपेंतील चेहऱ्याचीं छायाचित्रें एकामागून एक, एकमेकांत विरघळत येतात; बाहेर पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो. चित्रें इतकीं जवळजवळ येऊं लागतात कीं, आतां हीं हललीं कीं काय अशी शंका यावी. आणि खरोखरच ती डोळे उघडते. आपणांकडे पाहते, पापण्या मिटते, उघडते. सबंध २८ मिनिटांत चित्र हलतें तें एवढेंच, कांहीं सेकंद. दुसऱ्याच क्षणीं भुयारांतील प्रयोग करणाराचा चेहरा पुढें येतो आणि सर्व पुन्हां गोठतें. चित्रपटगृहांत बसून आपण आयुष्यभर लाखों हलतीं चित्रें पाहतों आणि एकाचेंहि आपणांस आश्चर्य वाटत नाहीं. येथें एक पापणी लवते, आणि पाहणाऱ्याच्या छातींत धस्स होतें. जें फुकट मिळतें त्याची किंमत कळण्यास तें एकदां काढून घ्यावें लागतें, हें मार्करला कळलेलें होतें.

यापुढील कथा थोडक्यांत सांगतों. भूतकाळांतील प्रयोग साधल्यावर त्या माणसास भविष्यकाळांत पाठवितात. तेथील लोक त्याला एक शक्तियंत्र देतात. त्याच्या बळावर जगाचे कारखाने पुन्हां चालूं होतील, मनुष्यजाति वांचेल. त्याचें काम झालें, म्हणून आतां त्याला मारून टाकावयाचें ठरतें. भविष्यांतील लोक त्याला आपल्यांत येऊन राहण्याचें निमंत्रण देतात. तें तो नाकारतो, आणि आपल्याला बालपणच्या त्या धक्क्यावर परत पाठवा, कदाचित् ती तेथें वाट पाहत असेल, एवढें मागतो. ती असते. तो तिच्याकडे धांवत जातो. वाटेंत त्याला भुयारांतला एक पहारेकरी दिसतो, आणि त्याला कळतें कीं, लहानपणीं आपण जो मृत्यु पाहिला तो आपलाच होता.

हा लघुपट १९६३ सालीं फ्रान्समधील जाँ व्हिगो पारितोषिकास पात्र ठरला. तो निघाला तेव्हां दुसरें महायुद्ध संपून १७ वर्षेंच झालीं होतीं, आणि पॅरिसच्या लोकांनीं जर्मन सैन्याचा अंमल स्वतः भोगलेला होता. भुयारांतील ती कुजबुज त्यांना काय वाटली असेल तें आपण कल्पनेनेंच जाणावें. १९६२ च्याच ऑक्टोबरमध्यें क्यूबाच्या प्रकरणीं अमेरिका व रशिया अणुयुद्धाच्या अगदीं कांठावर उभीं होतीं. तेव्हां तिसऱ्या महायुद्धाची कल्पना ही त्या काळीं केवळ कल्पना नव्हती.

आतां १९९५ सालाकडे वळूं. डेव्हिड व जॅनेट पीपल्स या दांपत्यानें 'ट्वेल्व्ह मंकीज'ची कथा लिहिली, आणि 'ला जते'पासून स्फूर्ति घेतल्याचें चित्रपटाच्या नामावळींत उघड नमूद केलें आहे. एका कॅमेऱ्यानें घेतलेल्या छायाचित्रांच्या ठिकाणीं आतां सुमारें ३ कोटि डॉलरांचा खर्च आला, ब्रूस विलिस, मॅडेलिन स्टोव व ब्रॅड पिट यांसारखीं नामांकित नटमंडळी आली, आणि जगभर १६ कोटि डॉलरांहून अधिक उत्पन्न झालें. युद्धाऐवजीं येथें साथ आहे. १९९६ च्या अखेरीस कोणी एक मनुष्य जाणूनबुजून विषाणु पसरवितो, ५ अब्ज माणसें मरतात, उरलेलीं भुयारांत जातात, आणि वर ओसाड शहरांतून अस्वलें व सिंह हिंडतात. जेम्स कोल नांवाच्या कैद्यास त्या विषाणूचा मूळ नमुना कोठें सांपडेल याचा शोध लावण्याकरितां मागें पाठवितात. त्याला वारंवार एक स्वप्न पडतें: विमानतळ, धांवणारा मनुष्य, गोळीचा आवाज, एक स्त्री, आणि हें पाहणारा लहान मुलगा.

एवढें ऐकून वाटेल कीं, हा कल्पनाविस्तारच झाला. आमचेंहि मत प्रथम तसेंच होण्यासारखें होतें. पण चित्रपटाचा मधला भाग नीट पाहिला म्हणजे तें टिकत नाहीं. शास्त्रज्ञांच्या गफलतीनें कोलला १९९६ ऐवजीं १९९० सालीं बाल्टिमोर शहरांत पाठविलें जातें. पुढें येणाऱ्या संकटाविषयीं तो बोलूं लागतो, आणि जें स्वाभाविक तेंच होतें: त्याला वेड्यांच्या इस्पितळांत टाकतात. तेथें डॉक्टर कॅथरिन रेली ही त्याची तपासणी करते. ग्रीक पुराणांत कॅसँड्रा नांवाच्या राजकन्येची कथा आहे. तिला भविष्य दिसे, परंतु तिच्यावर कोणीहि विश्वास ठेवणार नाहीं असा शाप होता. कॅथरिन त्याच विषयावर व्याख्यान देते, आणि आपण ज्याची तपासणी केली तो मनुष्यच कॅसँड्रा आहे हें तिला ठाऊक नसतें.

पुढें जें घडतें तें सर्वस्वीं या लेखकद्वयाचें स्वतःचें आहे. कोल सांगतो त्या गोष्टी एकेक खऱ्या ठरूं लागतात. त्याच्या पायांतून काढलेली गोळी पहिल्या महायुद्धाच्या काळची निघते, आणि त्या युद्धाच्या एका जुन्या छायाचित्रांत त्याचाच चेहरा दिसतो. कॅथरिनचा विश्वास बसूं लागतो. नेमक्या त्याच सुमारास कोल मात्र उलट दिशेला निघालेला असतो. हें सुंदर जग, ही हवा, हें गाणें त्याला इतकें प्रिय झालेलें आहे कीं, आपण वेडेच आहोंत, तें भुयार व ती साथ हा आपल्या मनाचा खेळ आहे, असें मानणें त्याला बरें वाटूं लागतें. बरें करणारी वेडी ठरत चालली आहे, आणि वेडा बरा होऊं पाहत आहे. दोघें जिन्यांत एकमेकांस ओलांडून जावीं तशीं. शेवटीं कॅथरिन एका दूरध्वनीवर निरोप ठेवून येते, आणि तिनें काय सांगितलें हें तिनें न सांगतां कोल शब्दशः म्हणून दाखवितो, कारण पुढच्या काळांत त्यानें तो निरोप अगोदरच ऐकलेला आहे. तेव्हां तिच्या चेहऱ्यावर जें उमटतें तें पाहण्यासारखें आहे. आपलें खरें ठरलें, आणि तें खरें ठरूं नये एवढीच आपली इच्छा होती.

'ला जते'मध्यें यांतील कांहींच नाहीं. तेथें त्या माणसावर कोणी अविश्वास दाखवीत नाहीं, कारण तो कोणास कांहीं सांगतच नाहीं. लघुपटाचा प्रश्न असा कीं, एका क्षणाच्या आठवणीवर मनुष्य जगूं शकतो काय? मोठ्या चित्रपटाचा प्रश्न असा कीं, ज्याला सत्य ठाऊक आहे पण तें दाखवितां येत नाहीं, त्यानें काय करावें? दोन्ही प्रश्न मोठे आहेत. मात्र दुसरा पहिल्याच्या पोटीं नव्हता. तो नव्यानें विचारावा लागला. म्हणूनच १२९ मिनिटें भरलीं. पहिलाच प्रश्न घेऊन तीं भरण्याचा यत्न झाला असता तर पडद्यावर घागरभर पाणीच दिसलें असतें.

आठवणीच्या बाबतींत तर गिलियम यांनीं मूळ कल्पना उलटीच केली आहे, आणि आमच्या मतें त्यांच्या चित्रपटाचें खरें यश येथें आहे. लघुपटांत ती आठवण छायाचित्रासारखी आहे. तिच्यांत तिळभर फरक पडत नाहीं. मोठ्या चित्रपटांत ती स्वप्न झाली आहे, आणि तें स्वप्न दर वेळीं थोडें वेगळें पडतें. स्त्रीचे केस कधीं एका रंगाचे वाटतात, कधीं दुसऱ्या. धक्का देऊन पळणारा मनुष्य एकदां अमुक दिसतो, तर नुकत्याच भेटलेल्या एखाद्या माणसाचा चेहरा पुढल्या वेळीं त्याच्या जागीं येऊन बसतो. आठवण ही कालच्या गोष्टींची आजच्या हातांनीं केलेली मांडणी आहे, असें हा चित्रपट म्हणतो. हा विचार सांगण्यास हलतीं चित्रेंच पाहिजेत. मार्करच्या स्थिर चित्रांची नक्कल गिलियम यांनीं केली असती, तर ती भक्ति दिसली असती पण चित्रपट मेला असता.

दोहोंमध्यें एक नाजूक धागा मात्र त्यांनीं तुटूं दिलेला नाहीं. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५८ सालच्या 'व्हर्टिगो'मध्यें एक प्रसंग आहे: प्रचंड सिकोया वृक्षाच्या कापलेल्या खोडावर इतिहासांतील सालें दाखविलेलीं आहेत, आणि नायिका त्या वलयांवर बोट ठेवून आपला जन्म व मृत्यु दाखविते. मार्करचा नायक व ती स्त्री पॅरिसच्या वनस्पतिउद्यानांत तशाच एका खोडापुढें उभीं राहतात. तो बोट करतो तें मात्र खोडाच्या बाहेर, मोकळ्या हवेंत, आणि आपण तेथून आलों असें सांगतो. गिलियम यांनीं काय करावें? त्यांचीं कोल व कॅथरिन हीं पोलिसांपासून लपण्यास एका चित्रपटगृहांत शिरतात, आणि तेथें पडद्यावर 'व्हर्टिगो'च चाललेला आहे, तेंच झाड, तेंच बोट. हा चित्रपट लहानपणीं पाहिल्याचें कोलला आठवतें. चित्रपट तोच असतो, पाहणारा बदललेला असतो, अशा अर्थाचें तो कांहीं बोलतो. तीन दिग्दर्शक, ३७ वर्षें, आणि एक झाड. उसनें घेतलेलें कसें परत करावें याचा हा धडा आम्हांस फार आवडला.

दोष दोहोंतहि आहेत. 'ट्वेल्व्ह मंकीज'मध्यें पाठलाग व मारामारी गरजेहून फार आहे. भुयारांतील यंत्रांच्या नळ्या व पडदे यांचा हव्यास इतका कीं, कथेला मधूनमधून श्वास घ्यावयास जागा राहत नाहीं. वेड्याचें काम करणाऱ्या ब्रॅड पिट यांचें त्या वर्षीं ऑस्करसाठीं नामनिर्देशन झालें, व प्रेक्षक त्यांच्यावर खूष झाले. आम्हांस तो अभिनय कांहीं ठिकाणीं हातवाऱ्यांच्या भारानें वांकलेला वाटतो. उलट लघुपटांतील उणीव अशी कीं, त्यांतील स्त्रीला नांव नाहीं, घर नाहीं, काम नाहीं. ती त्या माणसाच्या आठवणीचें चित्र आहे, आणि चित्राला कोणी तिचें मत विचारीत नाहीं. आमच्या वरच्या वर्गांतील मुली हा आक्षेप घेतील, आणि तो आम्ही फेटाळणार नाहीं. डॉक्टर कॅथरिनला बुद्धि आहे, व्यवसाय आहे, संशय आहे, आणि निर्णय घेण्याचें धैर्य आहे. त्या दृष्टीनें मोठा चित्रपट निःसंशय पुढें आहे.

२०१५ ते २०१८ या काळांत याच कथेवर दूरदर्शनमालिकाहि निघाली. तींत भूतकाळ बदलतां येतो. एकदां तो बदलूं लागला कीं भागांमागून भाग काढण्यास कोणाची ना नसते. तिच्याविषयीं यापेक्षां अधिक लिहिण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

कारण दोन्ही चित्रपटांचें बळ, भूतकाळ बदलत नाहीं, याच नियमांत आहे. शेवट पाहा. लघुपटांत गोळी घालणारा भुयारांतला माणूस आहे. ज्यांनीं वापरून घेतलें तेच फेंकून देतात. मनुष्यजाति वांचलेली आहे, पण वांचविणाऱ्याला तिच्यांत जागा नाहीं, आणि तिनें देऊं केलेली जागा त्यानेंहि नाकारलेली आहे. तो कां मेला हें त्याच्याशिवाय कोणासहि कळत नाहीं; धक्क्यावरील त्या स्त्रीलाहि नाहीं. मोठ्या चित्रपटांत कोल विषाणु नेणाऱ्या माणसावर पिस्तुल रोखून धांवतो, आणि विमानतळावरचे पोलिस, आपलें कर्तव्य बजावीत असतां, प्रवाशांना वांचविण्याकरितां त्यालाच मारतात. यांत कोणीहि दुष्ट नाहीं, म्हणून तें अधिक सलतें. कोल कॅथरिनच्या हातांत मरतो. आणि मग ती असें कांहीं करते, जें लघुपटांतील स्त्री करूं शकली नसती: ती मान वर करून गर्दींत शोधूं लागते. तो मुलगा येथेंच कोठेंतरी असला पाहिजे, हें तिला माहीत आहे. तो तिला सांपडतो. रडतां रडतां ती त्याच्याकडे पाहून हसते. ज्या चेहऱ्याची आठवण त्याला जन्मभर पुरणार आहे, तो चेहरा त्याला देण्याकरितां ती हसते, असा आम्ही त्याचा अर्थ करतों. चित्रपट त्या मुलाच्या डोळ्यांनीं सुरू झालेला असतो, आणि शेवटींहि त्याचेच डोळे दिसतात.

लघुपटांत एक स्त्री डोळे उघडते. मोठ्या चित्रपटांत एक मुलगा डोळे मिटूं शकत नाहीं. यांपैकीं एकच निवडा असें कोणी आग्रहानें म्हटलें, तर आम्ही पहिला निवडूं. दुसरा पाहून झाल्यावर आम्हांस त्यांतील पुष्कळ गोष्टी आठवतात. पहिल्यांतील एकच आठवते, पण ती बोलावल्यावांचून येते.

पालकांस दोन शब्द. 'ट्वेल्व्ह मंकीज' लहान मुलांस दाखविण्याजोगा नाहीं. अमेरिकेंतहि १७ वर्षांखालील मुलांनीं तो वडील माणसांच्या सोबतीवांचून पाहूं नये असा निर्बंध होता, तो आम्हांस योग्य वाटतो. त्यांत रक्तपात व अर्वाच्य भाषा आहे. शिवाय २०२० सालच्या साथींत शाळा बंद झालेल्या ज्या मुलांनीं पाहिल्या, त्यांच्यापुढें साथीची कथा ठेवतांना, ही कोणा एका माणसानें हेतुपूर्वक केलेल्या घाताची कल्पित कथा आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवावें. 'ला जते' नववी-दहावीच्या मुलांबरोबर घरीं बसून पाहण्यास हरकत नाहीं. पहिल्या पांच मिनिटांत मुलें चुळबुळ करतील, चित्र अडकलें काय असें विचारतील. त्यांस थोडें थांबवून धरावें. या लघुपटाची इंग्रजी निवेदनाचीहि एक प्रत मिळते, परंतु मूळ फ्रेंच प्रतच लावावी आणि अर्थ पडद्याखालीं वाचावा. नेग्रोनी यांचा आवाज कोणत्याहि भाषांतरांत उतरत नाहीं, आणि ती स्त्री डोळे उघडते तेव्हां वाचावयास खालीं कांहीं नसतें.